दहापैकी सात

...नाही, पण मी काय म्हणतो, गाडी माझी, झटका मला बसतो, मागचे पाव उडून माझ्या मानेवर आदळतात, आणि ह्या सर्व्हिसवाल्यांना म्हणे 'काही आढळलं नाही'! आढळलं नाही म्हणजे काय? तो झटका काय चोर आहे, तुमची चाहूल लागली की लपून बसायला? सरका जरा, मला वरच्या फळीवर बसू द्या. आणि सॉनाच्या तापल्या दगडांवर पाणी टाका थोडं, बेतानं. तुम्हाला सांगतो, मी एरवी असा बोलत नाही. तुम्ही मला लहानपणापासून बघताय. शाळेत बाईंनी नाव विचारलं तर मी शेजारच्याकडे बघायचो, हा सांगेल म्हणून. सोळाव्या वर्षी शाळा सोडली तेव्हा बाई आईला म्हणाल्या, "कोण आर्वो? आमच्या वर्गात होता?" असा मी. पण सॉनात कसं, वाफेत कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही, म्हणून बोलतोय. दार लावून घ्या.

तर गाडी. वडील गेले तेव्हा आई म्हणाली, "मी भाजते, तू पोचव," म्हणून मी पोचवतो. काळा पाव, वेलदोड्याच्या गोड पावाची वेणी, सगळं त्याच गाडीतून, आठवड्याचे सहा दिवस, हे तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच खाता. आणि गाडीचे गिअर आपोआप बदलतात. आपोआप! घेताना मला केवढं कौतुक होतं त्याचं. आता वाटतं, ज्या गोष्टी आपोआप होतात त्यांच्यावर माणसानं विश्वास ठेवू नये. कारण काय होतं, खाणीच्या चढणीवर, तीस मैलांच्या वेगाला, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गाडी एक क्षण विचारात पडते. अशी... जावं... की न जावं... आणि मग धाडकन! मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखी! पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं, मागून कुणी ठोकलं. गाडी कडेला घेतली, उतरलो, मागे कुणीच नाही. लांबून, अर्ध्या मैलावरून, ऑजा आजी आपल्या गाडीतून हळूहळू येत होत्या. मी थांबलो त्या येईपर्यंत. त्यांनी काच खाली केली, म्हणाल्या, "काय झालं रे?" म्हटलं, "माफ करा." म्हणाल्या, "कशाबद्दल?" आता काय सांगणार? म्हटलं, "असंच." त्या म्हणाल्या, "बरं," आणि गेल्या. हसू नका. तुम्ही काय केलं असतंत? तुम्हीही हेच केलं असतंत.

आता वॉरंटी आहे गाडीला. कागद आहे माझ्याकडे. 'पाच वर्षं किंवा साठ हजार मैल, जे आधी येईल ते.' जे आधी येईल ते! तुम्हाला सांगतो, हे वाक्य ज्यानं लिहिलं तो माणूस साधा नाही. दोन दारं ठेवलीत त्यानं, एकातून नाही तर दुसऱ्यातून निसटायला. आणि माझ्या गाडीचा आकडा तेव्हा होता अठ्ठावन्न हजार नऊशे बारा. म्हणजे हजार-अकराशे मैल उरले. ते संपायच्या आत कंपनीनं झटका मान्य केला तर गिअरबॉक्स फुकट, नाही तर नव्या गिअरबॉक्सची किंमत ऐकून आईनं कणकेतले हात बाहेर काढले आणि खुर्चीवर बसली. आई दिवसा बसत नाही. तेव्हाच मला कळलं की गाडी गेली तर बेकरी गेली, पाव काय आपल्या पायांनी चालत दुकानात जाणार आहेत?

म्हणून गेलो सर्व्हिसला. तिथे काउंटरवर तो ट्रॉय. पुलापलीकडून आलेला, म्हणजे आपल्यातला नव्हे. दात पांढरे, सगळेच्या सगळे दिसतात. माणसानं एका वेळी इतके दात कशाला दाखवावेत? आणि मला बघून काय ओरडला माहितीय? "आर्वो! मित्रा! काय म्हणतेय आपली राणी?"

आपली! 'तुझी' नाही म्हणाला, 'आपली' म्हणाला. मी काही बोललो नाही. वहीत लिहून ठेवलं.

वही म्हणजे आईची ऑर्डरची जुनी वही, मी मागच्या पानापासून सुरू केलीय. असो. तर तो विचारतो, काय म्हणतेय गाडी, आणि मी... आता तुम्हीच सांगा, आपल्याला कुणी विचारलं कसं काय, तर आपण काय म्हणतो? मी म्हटलं, "वाईट नाही." तो म्हणाला, "वा! छान!" आणि टक टक टक काहीतरी टाइप केलं, तेल बदललं, गाडी दिली, हात हलवला. घरी येऊन कागद वाचतो तर त्यावर लिहिलेलं, 'ग्राहकाचं म्हणणं: गाडी उत्तम.' उत्तम? मी उत्तम म्हटलं? मी जन्मात कशाला उत्तम म्हटलेलं नाही! वडील गेले त्या दिवशी पाद्रीबाबांनी मला विचारलं होतं, "कसा आहेस बाळा," तेव्हाही मी 'वाईट नाही'च म्हटलं होतं, मग काय त्यांनी 'मुलगा उत्तम' असं लिहून घ्यायचं?

आईला दाखवला कागद. आई म्हणते, "तूच बोलला नाहीस, त्याचा काय दोष? आणि बोलायचं तरी किती? तुझ्या बापाची दोन बोटं करवतीत गेली तेव्हा तो काय म्हणाला? 'जरा खरचटलं.' तुझं एका झटक्यानं एवढं?" म्हटलं, "आई, पण वॉरंटी." म्हणाली, "मग जाऊन सांग. पण आवाज चढवू नको. आणि गाडी धुऊन ने. परक्याच्या हाती घाण गाडी देऊ नये."

म्हणून दुसऱ्यांदा नेण्याआधी मी पावांचे सगळे ट्रे काढले, कोपऱ्याकोपऱ्यातला चुरा वेचला, गाडी धुतली, आतून पुसली, अगदी रिकामी, चकचकीत, देवळात न्यावी तशी. आणि आरशासमोर तीन दिवस सराव केला. 'गाडी झटका मारते.' तीनच शब्द. 'गाडी झटका मारते.' पिठाच्या पोत्यांना म्हणून दाखवलं. पोत्यांसमोर येत होतं.

गेलो. "आर्वो! मित्रा! काय म्हणतेय आपली राणी?" मी डोळे मिटले आणि म्हटलं, "गाडीझटकामारते." एका दमात. तो म्हणाला, "झटका? म्हणजे कसा झटका?" आता ह्याचा सराव केला नव्हता मी! शब्द सुचेना. म्हणून मग मी... तिथेच, सगळ्यांसमोर, दोन पावलं पुढे गेलो, थांबलो, विचारात पडलो, आणि धाडकन पुढे उडी मारली. बाकावर बसलेल्या एका बाईंनी पर्स छातीशी धरली. ट्रॉय म्हणतो, "पुन्हा एकदा करून दाखवशील?" दाखवलं. तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा त्यानं आतून आणखी एकाला बोलावलं होतं बघायला. आता मला सांगा, हे समजून घ्यायला बोलावलं, की हसायला?

मी काही बोललो नाही. वहीत लिहून ठेवलं.

दोन दिवसांनी गाडी परत. ट्रॉय दात दाखवून म्हणतो, "मित्रा, चांगली बातमी! आम्हाला काही आढळलं नाही!" चांगली बातमी! डॉक्टरकडे तुटलेला हात घेऊन जा आणि त्यानं म्हणावं, अभिनंदन, मला काही दिसत नाही! बरं. गाडीत बसलो. तर काय? माझे पाय पोचेनात. सीट मागे! चांगली वीतभर मागे! आरसा वर! रेडिओ भलत्याच स्टेशनवर! आणि सीटच्या फटीत काय सापडलं? बटाट्याचा तळलेला तुकडा. एक. थंड. आकड्याकडे बघितलं. देताना एकोणसाठ हजार दोनशे चार. घेताना एकोणसाठ हजार दोनशे पंचेचाळीस. एक्केचाळीस मैल! तपासायला एक्केचाळीस मैल लागतात? आपल्या अख्ख्या गावाला चार फेऱ्या मारून वर बटाटे खायला थांबलं तरी एवढे होत नाहीत!

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तुम्हीही विचार करा. साठ हजारांनंतर ते सुटले. साठ हजार कसे होणार? गाडी फिरवली की होणार. मग गाडी फिरवली कुणी? त्यांनीच! म्हणजे तपासायच्या नावाखाली माझे मैल जाळतायत! दर खेपेला एक्केचाळीस जाळायचे आणि म्हणायचं, काही आढळलं नाही! बटाटे खात खात!

आईला सांगितलं. आई म्हणाली, "एवढ्याशा झटक्यासाठी कोण एवढा कट करील?" आई भोळी आहे.

त्या दिवसापासून मी मैल वाचवायला लागलो. बर्फ पडलेलंच होतं, म्हणून मग शेडमधली आजोबांची बर्फावरची ढकलगाडी काढली, त्यावर पावांचे ट्रे बांधले, आणि गावातली दुकानं ढकलगाडीनं करायला लागलो. तुम्ही बघितलंत मला. बघून हात केलात, कुणी विचारलं नाहीत. आपल्याकडे विचारत नाहीत कुणी, हे एक चांगलं आहे. फक्त खाणीपलीकडच्या दुकानांसाठी गाडी काढायचो. तिथे चढणीवर झटका बसायचाच. बसला की मी म्हणायचो, "आला बघा." कुणाला म्हणायचो? पावांना. मागे दोनशे पाव असायचे, तेवढेच साक्षीदार.

आकडा एकोणसाठ हजार आठशे सत्तर झाला तेव्हा ठरवलं, आता शेवटची संधी. तिसऱ्यांदा न्यायची, पण आता पुराव्यासकट. गाडी पुन्हा रिकामी केली, धुतली, पुसली. आई दारात उभी राहून बघत होती, म्हणाली, "मागची काच राहिली." ती पण पुसली. आणि मग, बघा हं, कणीक लाटताना ओट्यावर भुरभुरवतो तसं, मी ड्रायव्हरच्या सीटवर पीठ भुरभुरवलं. अगदी पातळ. करड्या सीटवर करडं दिसेल असं, राय धान्याचं. उभा राहून लांबून बघितलं, कळत नव्हतं. नेताना मी स्वतः सीटच्या अगदी टोकावर बसून गाडी चालवली, चार मैल, पोटरीत गोळे आले. दिली ट्रॉयच्या ताब्यात. "काय म्हणतेय आपली राणी?" म्हटलं, "झटका मारते." उडी मारून दाखवायला लागलो तर तो म्हणाला, "नको नको, आम्हाला आठवतंय."

आणि समोरच कपडे धुवायच्या मशिनींचं दुकान आहे ना, तिथे जाऊन बसलो, काचेशी. नुसतं बसणं बरं दिसत नाही म्हणून एक मोजा घेऊन गेलो होतो. एकच. तो मशीनमध्ये टाकला. तीनदा धुतला. तिथली बाई म्हणाली, "बराच मळलाय वाटतं." म्हटलं, "वाईट नाही."

बरोब्बर साडेअकराला माझी गाडी बाहेर आली! आत एक अगडबंब माणूस. हातात कागदी पिशवी. बटाट्यांची! गाडी गेली खाणीच्या चढणीकडे. परत आली. पुन्हा गेली. पुन्हा आली. तासाभरात चार वेळा! मी लिहीत होतो. 'अकरा पस्तीस, वर. अकरा अठ्ठेचाळीस, खाली. बटाटे खाताना दिसला.' साडेबाराला गाडी आत गेली, तो माणूस उतरला, पाठमोरा झाला... आणि पँटच्या मागच्या बाजूला, तुम्हाला सांगतो, पीठ! जत्रेतल्या ढोलाएवढं करडं वर्तुळ! सापडला! मला इतका आनंद झाला की मी उठून उभा राहिलो. मग बसलो. कारण उभं राहून पुढे काय करायचं हे ठरवलं नव्हतं.

मी काही बोललो नाही. वहीत लिहून ठेवलं.

पण हे असं रोज! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच, साडेअकरा ते साडेबारा, वर, खाली, बटाटे. मोजा पार झिरझिरीत झाला. मी गुणाकार करत होतो. एका फेरीचे सात मैल, सोळा फेऱ्या झाल्या, म्हणजे एकशेबारा, इथे आणतानाचे चार धरून एकोणसाठ हजार नऊशे शहाऐंशी! उद्या जेवायच्या सुट्टीत साठ हजार! उद्या तो बटाटे संपवणार आणि त्याबरोबर माझी वॉरंटी संपवणार! वडिलांची आठवण झाली, आईचं खुर्चीवर बसणं आठवलं, आणि तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा मी रागावलो. ओला मोजा हातात घेऊन रस्ता ओलांडला, 'ग्राहकांनी आत येऊ नये' लिहिलेल्या दारातून सरळ आत गेलो, त्या माणसासमोर उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला आणि गरजलो, "माफ करा, कामात असाल तर मी नंतर येतो!"

तो वळला. तो वळला की तिथे अंधार पडतो. व्हर्नर पेल्टो. आपलाच माणूस निघाला, आजी आपल्याच गावची. त्यानं माझ्याकडे बघितलं. मोज्याकडे बघितलं. म्हणाला, "पाववाला ना तू? समोर बसतोस तो?"

म्हटलं, "हो."

"चार दिवस एकच मोजा धुतोयस."

म्हटलं, "हो."

"बस," म्हणाला. बसलो. दोन आपलीच माणसं, कोण आधी बोलणार? शेवटी तो म्हणाला, "तुझ्या गाडीत पीठ फार असतं."

तुम्हाला सांगतो, मग मी सगळं बोललो. वही काढून वाचून दाखवली. सीट मागे, आरसा वर, बटाटा एक, मैल एक्केचाळीस, अकरा पस्तीस वर, अकरा अठ्ठेचाळीस खाली. तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, "अकरा चाळीसला मी एकदा थांबलो होतो, हरीण आडवं आलं होतं. ते लिही." मी लिहिलं. मग म्हणाला, "झालं?" म्हटलं, "झालं." म्हणाला, "हे बघ. दोष शोधायला कंपनी मला वीस मिनिटं देते. वीस मिनिटांत काही आढळलं नाही तर 'काही आढळलं नाही' असं लिहून गाडी परत. पण तू त्या दिवशी जी उडी मारलीस ना काउंटरवर... ट्रॉयनं मलाच बोलावलं होतं बघायला. ती उडी खोटी नव्हती. तशी उडी माणूस उगाच मारत नाही. म्हणून जेवायच्या सुट्टीत घेऊन जातो गाडी. माझ्या वेळात. जेवण गाडीतच. झटका काही येत नाही, आणि तपासणीच्या यंत्रावर नोंद झाल्याशिवाय वरचे मान्य करत नाहीत."

मी वही मिटली. म्हटलं, "पण... मैल? उद्या साठ हजार होतील..."

"गाडी आत येताना जो आकडा, तोच धरतात," तो म्हणाला. "ट्रॉयनं सांगितलं नाही?"

म्हटलं, "मी विचारलं नाही."

चार महिने! चार महिने मी पोटऱ्या मोडून ढकलगाडी ढकलली! एक प्रश्न विचारला असता तर... पण कसं विचारणार? तो कामात होता.

मग व्हर्नर म्हणाला, "तुला झटका कधी बसतो? नेमका?" म्हटलं, "चढणीवर. पाव असले की." म्हणाला, "काय असले की?" म्हटलं, "पाव. मागे दोनशे." तो माझ्याकडे बघत राहिला. "आणि इथे आणताना?" म्हटलं, "इथे आणताना रिकामी करून, धुऊन आणतो. परक्याच्या हाती घाण गाडी..." व्हर्नरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. म्हणाला, "माझी आई पण असंच म्हणायची." म्हणाला, "पोरा, ओझं लागतं त्याला! मला वाटलं मी एकटा पुरेन!"

तुम्हाला सांगतो, तासाभरात आम्ही बेकरीत. आईनं दोनशे पाव मोजून दिले, वर विचारलं, "गाडी पुसलीस ना?" व्हर्नरनं यंत्र जोडलं, मी चालवायला, तो शेजारी, गाडी त्याच्या बाजूला कललेली. लागली चढण. वीस... पंचवीस... मी मनात म्हणतोय, ये रे बाबा, जन्मात कधी तुला ये म्हटलं नाही, आज ये. तीस. गाडी विचारात पडली. जावं... की न जावं... आणि धाडकन!! असा झटका, असा झटका की मागचे पाव सगळे पुढे, एक काळा पाव व्हर्नरच्या डोक्यात, यंत्राचा दिवा लाल, आणि आम्ही दोघं पावांत गळ्यापर्यंत बुडालेले! व्हर्नरनं केसातला चुरा झटकला, यंत्राकडे बघितलं, आणि... मी खोटं सांगत नाही... म्हणाला, "वाईट नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्ताही येतंय, ते वाफेचं नाही.

झालं. वरच्यांनी मान्य केलं. नवा गिअरबॉक्स, फुकट, आठ दिवसांत. गाडी आता लोण्यासारखी चालते. गोष्ट इथेच संपायला पाहिजे होती. पण नाही! मग आला फोन. कंपनीकडून, लांबून कुठून तरी, एक बाई, आवाज एकदम मधाळ. "सर, आपल्या गाडीचं काम करणाऱ्या मेकॅनिकला शून्य ते दहापैकी किती गुण द्याल?" सर! मला! म्हटलं, "उद्या सांगितलं तर चालेल?" रात्रभर विचार केला. आता बघा, दहा म्हणजे काय? दहाच्या वर काही नाही. म्हणजे देव. देवाला दहा. नऊ... नऊ कुणाला द्यावेत असा माणूस मी बघितलेला नाही. आठ? मी आईला म्हटलं, "आई, आठ देऊ का?" आई पोळत्या भट्टीसमोरून वळली, म्हणाली, "आठ? त्या पेल्टोच्या पोराला डोक्यावर बसवणार आहेस का? तुझ्या बापाला लग्नानंतर मी सात दिले होते, आणि ते मरेपर्यंत त्याला पुरले." म्हणून मी सात दिले. भरभरून दिले, मन मोठं करून दिले! बाई म्हणाली, "अजून काही सांगायचंय?" म्हटलं, "वाईट नाही, असं लिहा." तुमच्यापैकी कुणी कधी कुणाला सात दिलेत? नाही ना? बघा!

आठवड्यानं पाव द्यायला गेलो, आईनं व्हर्नरसाठी तेरा पाठवले होते, तर काउंटरवर ट्रॉय. दात नाहीत! म्हणजे आहेत, पण मिटलेले. म्हणतो, "सात, आर्वो? सात?" म्हटलं, "आभार मानायची गरज नाही." म्हणतो, "अरे, नऊच्या खाली म्हणजे नापास! कंपनीत सात म्हणजे शून्य! व्हर्नरला गिअरबॉक्सवरून काढलंय! सहा महिने नुसतं तेल बदलायचं, आणि वर पुलापलीकडे पाठवलं होतं चार दिवस, हसायचं शिकायला!"

मला दरदरून घाम फुटला, आत्ता फुटलाय तसा. आत गेलो. व्हर्नर एका गाडीखाली. बाहेर आला. आणि माझ्याकडे बघून तो... हसला. शिकवल्यासारखा. वरचे दात, मग खालचे. "आपलं स्वागत आहे," म्हणाला. मी दोन पावलं मागे सरकलो. म्हटलं, "व्हर्नर, मी सात दिले रे." त्यानं हसू पुसलं, म्हणाला, "ऐकलं. सात म्हणजे फारच दिलेस. मला पाच-सहाची आशा होती." एक अक्षर तक्रार नाही! आपला सगळ्यात चांगला मेकॅनिक, स्वतःची जेवायची सुट्टी घालवून माझी बेकरी वाचवणारा, आणि मी त्याला तेलात घातला!

मग ठरवलं, भरपाई करायची. मुद्दाम जाऊन तेल बदलून घेतलं. व्हर्नरकडूनच. सतरा मिनिटांचं काम. फोन आला, मधाळ बाई, "सर, किती गुण?" आईला सांगितलं नाही. शेडमध्ये जाऊन, दार लावून, डोळे मिटून म्हटलं, "दहा." तोंडातून निघाल्यावर मला वाटलं छप्पर कोसळेल. बाई म्हणाली, "पुन्हा सांगाल का, सर?" म्हटलं, "दहा." मग म्हणाली, "एक मिनिट हं."

आणि काल, तुम्हाला सांगतो, काल बेकरीत एक गृहस्थ आले. टाय लावलेले. मुख्य कार्यालयातून, खास. म्हणाले, "या भागातून गेल्या अकरा वर्षांत एकही दहा आलेला नाही. तुम्ही आधी सात दिलेत, आणि मग तेल बदलल्याबद्दल दहा. आम्ही जरा चौकशी करतोय. तोपर्यंत पेल्टोंना कामावर येऊ नका म्हणून सांगितलंय." मी हातातला ट्रे ओट्यावर ठेवला. ते म्हणाले, "पेल्टोंना तुम्ही कधी काही वस्तू दिलीत?" म्हटलं, "पाव." "किती?" म्हटलं, "तेरा." त्यांनी भुवया वर केल्या. "तेराच का?" आई आतून ओरडली, "आमचा डझन तेराचा असतो, एक पाव वरचा!" ते म्हणाले, "आणि बाकावर बसलेल्या साक्षीदार बाई सांगतात, तुम्ही काउंटरवर उड्या मारत होतात. आणि समोरच्या दुकानातून चार दिवस पाळत ठेवत होतात. मोजा घेऊन."

म्हटलं, "साहेब, तसं काही नाही हो. तो माणूस चांगला आहे, काम चांगलं केलं, म्हणून दहा दिले. एवढंच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत. मग बेकरीकडे, पिठाकडे, ट्रेमधल्या तेराव्या पावाकडे.

काही बोलले नाहीत. खिशातून वही काढली आणि लिहून ठेवलं.